प्रवासातील लॅपटॉप : यंत्र आणि आतला ऐवज

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्या आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत असे भारदस्त विषय आपणांपुढे मांडले. त्यांच्या पंक्तीला ‘प्रवासात लॅपटॉप सुरक्षित कसा न्यावा’ हा विषय घेऊन बसणे म्हणजे पंचपक्वान्नांच्या ताटात मिठाची चिमूट वाढण्यासारखे आहे. तथापि वाढप्याने मीठ विसरू नये असा आपल्याकडे संकेत आहे, आणि कार्यकारी मंडळानेही हाच विषय आग्रहाने सुचविला. तेव्हा प्रस्तावना आटोपती घेतो.

आपण कलकत्त्याची मराठी मंडळी जात्याच प्रवासी. वर्षातून एकदा, कुणाकडे लग्नकार्य निघाले तर दोनदा, हावड्याहून नागपूर, मुंबई किंवा पुणे गाठल्यावाचून आपले वर्ष पुरे होत नाही. आपल्या मंडळाची जवळजवळ समवयस्क असलेली गीतांजली एक्स्प्रेस १९७७ साली सुरू झाली, तेव्हा प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. वर्गभेद नसलेली गाडी म्हणून तिचा तेव्हा गाजावाजा झाला होता. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या त्याही त्यांच्याच कारकिर्दीत. आज ज्यांची पाठ साठ-सत्तरीत शाबूत आहे त्यांनी त्याबद्दल त्यांचे स्मरण ठेवावे. त्या काळी आपल्याबरोबर काय असे? वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा आणि पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत दागिना, जमिनीचे कागद, मुलीची पत्रिका. ती ट्रंक बाकाखाली सरकवून साखळीने जखडायची, आणि तरीही घरातल्या कर्त्या पुरुषाने रात्रभर एक डोळा उघडा ठेवायचा.

आज त्या ट्रंकेची जागा दीड-दोन किलो वजनाच्या एका चपट्या यंत्राने घेतली आहे. दुकानाचा हिशेब त्यात, मुलाचा प्रबंध त्यात, घराच्या कर्जाचे कागद त्यात, आणि वीस वर्षांची छायाचित्रेही त्यातच. ट्रंक निदान दोघांनी उचलावी लागे. हे यंत्र चोराला काखेत मारून चालत्या गाडीतून उतरता येते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण गोष्ट मोठी गमतीची आहे. बाजारात चांगला खपलेला पहिला सुवाह्य संगणक १९८१ साली अमेरिकेत आला. त्याचे नाव ‘ऑसबॉर्न-१’. वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा पाच इंची, किंमत १,७९५ डॉलर. विमानातील आसनाखाली मावेल अशा बेताने त्याचा आकार ठरविला होता आणि मिटल्यावर तो शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसे. तो निर्माण करणारे ॲडम ऑसबॉर्न यांचे बालपण गेले आपल्या दक्षिणेत, तिरुवण्णामलैला. वडील रमण महर्षींचे भक्त होते. पुढे धंद्यातील चढउतार पाहून ऑसबॉर्न भारतात परतले आणि २००३ साली कोडैकनालला निवर्तले. आपण ज्याला निखळ पाश्चात्त्य यंत्र समजतो, त्याच्या एका पूर्वजाचे नाते अरुणाचलाच्या पायथ्याशी जाऊन पोहोचते. असो.

आता मुद्द्यावर येतो. लॅपटॉप घेऊन निघालेला मनुष्य एकाच पिशवीत दोन वस्तू नेत असतो. एक यंत्र, दुसरा त्यातला ऐवज. यंत्राला किंमत आहे, पावती आहे. ते गेले तर महिना-दोन महिने हात आखडून दुसरे घेता येते. ऐवजाचे तसे नाही. आणि आपली सारी दक्षता, सारी साखळी-कुलपे खर्च होतात ती यंत्रावर.

आपल्या परिचयातील एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या संमतीने सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही. या घरातील मुलाला कोकणातल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्याचा नाद लागला. दोन पावसाळे तो सुट्टी काढून आजोळी राहिला. आजी दळत नसे, दळण गिरणीतूनच येई, पण नातवासाठी तिने अडगळीतले जाते माजघरात मांडायला लावले, कारण हातात खुंटा असल्याशिवाय तिला ओवी आठवत नसे. अशा दोनशेच्या वर ओव्या जमल्या. परतीच्या प्रवासात पहाटे एका जंक्शनवर गाडी थांबली असता उशाची पिशवी गेली. मुलगा तसा बेसावध नव्हता. त्याने सगळ्या ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवली होती. तो पेनड्राइव्ह त्याच पिशवीच्या पुढच्या कप्प्यात होता. नवा लॅपटॉप दिवाळीच्या आत घरात आला. आजी मात्र त्या वर्षीच्या माघात गेली.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, प्रवासाची सुरक्षितता हावडा स्थानकावर सुरू होत नाही. ती निघण्याच्या आदल्या रविवारी घरातल्या टेबलाशी सुरू होते. लॅपटॉप उघडा आणि त्यात काय आहे ते पाहा. काही गोष्टी गेल्या तरी पुन्हा मिळतात. सातबाऱ्याचा उतारा आता डिजिटल स्वाक्षरीसह संकेतस्थळावरून काढता येतो, आणि २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये वाहन-परवान्यापासून अनेक गुणपत्रिकांपर्यंतचे कागद सरकारदरबारातूनच उपलब्ध होतात. त्यांच्यासाठी जीव टाकण्याचे कारण नाही. परंतु आजोबांच्या पत्रांची छायाचित्रे, बाळाचा पहिला शब्द, अर्धा लिहिलेला प्रबंध, दुकानाची उधारीची वही, या गोष्टी जगातल्या कोणत्याही कचेरीत अर्ज करून मिळणार नाहीत. त्यांच्या निदान दोन प्रती यंत्राबाहेर हव्यात, आणि त्या दोन निरनिराळ्या ठिकाणी हव्यात. एक प्रत घरच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर ठेवावी. दुसरी इंटरनेटवरील साठवणीत, ज्याला हल्ली ‘क्लाउड’ म्हणतात तिथे, किंवा नागपूरच्या बहिणीकडे ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर असावी. भाऊबीजेला जाताना ती ताजी करून यावी. ओवाळणीही पोहोचते आणि प्रतही. प्रत काढली म्हणजे काम संपले असेही नाही. तिच्यातील दोन-चार फायली दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्यात. न उघडणारी प्रत म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी.

दुसरी तयारी थोडी तांत्रिक आहे, पण ती टाळू नका. पुष्कळांची अशी समजूत असते की, लॅपटॉप सुरू करताना पासवर्ड द्यावा लागतो, म्हणजे आतला मजकूर सुरक्षित आहे. हा पासवर्ड म्हणजे दाराला भक्कम कुलूप आणि भिंत मात्र कुडाची, असा प्रकार आहे. जाणकार चोर पासवर्ड ओळखण्याच्या भानगडीत पडत नाही. तो आतली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडतो आणि सर्व वाचतो. याला उपाय म्हणजे संपूर्ण डिस्कवरील मजकूर कूटबद्ध करणे. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीत ही सोय ‘बिटलॉकर’ या नावाने आहे, घरगुती आवृत्तीत बऱ्याच यंत्रांवर ती ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने सापडते, आणि ॲपलच्या यंत्रांत तिला ‘फाइलव्हॉल्ट’ म्हणतात. एकदा ती चालू केली की आपल्याला रोजच्या कामात फरक जाणवत नाही, पण चोराच्या हाती निरर्थक अक्षरांचा ढीग पडतो. मात्र सावधान! बिटलॉकर चालू करताना ४८ अंकांची एक पुनर्प्राप्ती-किल्ली मिळते. यंत्र बिघडल्यास किंवा त्याला संशय आल्यास ते हीच किल्ली मागते, आणि ती नसेल तर घरधन्यालाही घरात प्रवेश नाही. ही किल्ली कागदावर उतरून घरी ठेवावी. ती लॅपटॉपच्या पिशवीत ठेवणारे, किंवा पासवर्डाची चिठ्ठी यंत्राच्या पाठीला चिकटवणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी काय बोलावे!

निघताना यंत्र पूर्ण बंद करावे. केवळ झाकण मिटून त्याला डुलकी घ्यायला लावू नये. पूर्ण बंद यंत्रातच कूटबद्धतेचे संरक्षण खरे भक्कम असते. शिवाय डुलकीतले यंत्र पिशवीत मध्येच जागे होते आणि हवा न लागल्याने चांगले तापते. जुन्या यंत्रांत फिरती तबकडी असेल, तर तिच्यावरचा वाचक-काटा तबकडीपासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतो, आणि फलाटावर एक गचका बसला की कारभार आटोपतो. नव्या यंत्रांत फिरणारा भागच नसल्यामुळे ही भीती उरलेली नाही.

आता पिशवीविषयी. कंपनीचे नाव छापलेली, काळीभोर, चौकोनी, गुबगुबीत अशी जी पिशवी यंत्राबरोबर फुकट मिळते, तिच्यासारखी दुसरी जाहिरात नाही. ‘माझ्यात पन्नास हजारांची वस्तू आहे’ असे ती अख्ख्या फलाटाला सांगत असते. या बाबतीत आपल्याच सभासदांपैकी गलाईच्या व्यवसायातील बांधवांकडून शिकावे. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची ही मंडळी पिढ्यान् पिढ्या देशभर सोन्याचांदीचे काम करीत आली. सोने नेणारा मनुष्य आपण सोने नेतो आहोत असे कधी दाखवतो का? त्याचा सदरा चारचौघांसारखा, पिशवी बाजाराची, आणि चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. लॅपटॉपही तसाच न्यावा. जाड कापडाच्या किंवा फोमच्या खोळीत घालून साध्या दप्तरात, कपड्यांच्या मधोमध. आमच्या ओळखीच्या एका वहिनी तो नऊवारी पातळाच्या घडीत गुंडाळून नेतात. धक्क्यापासून रक्षणही होते आणि वास्तपुस्तही होत नाही.

रेल्वेचा प्रवास आपल्या रोजच्या अनुभवाचा, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. खालच्या बाकाखाली सामान जखडण्यासाठी तारेची कडी असते आणि साखळी-कुलूप फलाटावर विकत मिळते. मोठ्या बॅगेसाठी ही व्यवस्था उत्तम. पण साखळी बॅगेला जागेवर ठेवते, बॅगेतल्या वस्तूला नव्हे. चेन उघडून किंवा कापड चिरून आतली वस्तू काढायला साखळीचा अडथळा होत नाही. म्हणून लॅपटॉप बाकाखाली ठेवूच नये. तो अंगाशी ठेवावा. शक्य असेल तर वरचा बाक मागून घ्यावा, पिशवी भिंतीच्या बाजूला डोक्याखाली घ्यावी आणि तिचा पट्टा दंडातून किंवा बाकाच्या साखळीतून ओवून घ्यावा. दाराजवळचा बाजूचा खालचा बाक या दृष्टीने सर्वांत वाईट. वारा चांगला लागतो आणि माणसांचे मन मोठे होते, तिथेच हात मारायलाही सोपे.

चोरीची वेळ पाहा. गाडी धावत असताना चोराला पळायला जागा नसते. तो संधी साधतो ती गाडी स्थानकातून हलताना. खिडकीतून चहा घेण्यासाठी वाकलेले प्रवासी, उतारूंची लगबग, आणि गाडीने घेतलेला पहिला हिसका, या अर्ध्या मिनिटात पिशवी उचलून फलाटावर उडी टाकली की काम फत्ते. तेव्हा मोठ्या स्थानकावर गाडी थांबली की घरातल्या एकाने जागेवरून हलू नये. गीतांजलीने जाणाऱ्यांना ठाऊक आहे की, बिलासपूर-रायपूर ही स्थानके झोपेच्या वेळेत येतात आणि नागपूर सकाळी. रात्रीच्या पाळ्या घरात आपसांत वाटून घ्याव्यात. अनोळखी माणसाने प्रेमाने पुढे केलेला चहा-बिस्किट नाकारण्यात असभ्यपणा मानू नये; गुंगीचे औषध घालून लुबाडण्याचे प्रकार घडतात, म्हणूनच स्थानकांवरून तशा सूचना दिल्या जातात.

डब्यातील विजेविषयी दोन शब्द. कित्येक डब्यांत बाकाजवळच्या खोबणीतील वीज ११० व्होल्टची असते. आपल्या चार्जरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिलेले असेल तर तो तेथे चालतो. नसेल तर लावू नये. आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात या खोबणींची वीज बंद ठेवण्याचे धोरण रेल्वेने २०२१ साली अवलंबिले, तेव्हा चार्जिंग जेवणाच्या वेळेस उरकावे. आणि लॅपटॉप खोबणीला लावून आपण हात धुवायला जाणे म्हणजे काय, हे मी सांगावयास नको. यंत्र सुरू असताना ते पांघरुणावर किंवा उशीवर ठेवू नये. त्याच्या पोटाखालची हवेची छिद्रे बुजतात.

कायद्याची बाजूही समजून असावी, कारण पुष्कळांना वाटते की तिकीट काढले म्हणजे सामानाची जबाबदारी रेल्वेची झाली. तसे नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १०० प्रमाणे, प्रवाशाने स्वतःच्या ताब्यात नेलेल्या सामानाच्या नुकसानीस रेल्वे जबाबदार नसते. कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध झाले तरच ती जबाबदार ठरते. कमरेच्या पट्ट्यातून रोकड चोरीस गेलेल्या एका प्रवाशाच्या प्रकरणात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने याच आशयाचा निर्णय दिला की, प्रवासी आपली वस्तू स्वतः सांभाळू शकला नाही तर तो रेल्वेच्या सेवेतील दोष म्हणता येणार नाही. निर्णय कठोर वाटतो खरा. पण तो माहीत असलेला बरा.

विमानप्रवास हल्ली आपल्या तरुण मंडळींना अधिक परिचित आहे. तेथे चोरीपेक्षा अदलाबदल अधिक होते. सुरक्षातपासणीत लॅपटॉप पिशवीतून काढून वेगळ्या तबकात ठेवायला सांगतात, आणि एकाच रंगाची, एकाच घाटाची दहा यंत्रे पट्ट्यावरून ओळीने येतात. घाईत एकाचे दुसऱ्याने उचलले जाते, आणि दोघेही दोन निरनिराळ्या शहरांत पोहोचल्यावर कपाळाला हात लावतात. यावर उपाय पोरकट वाटेल असा आहे. झाकणावर ठळक खूण करा. खणाच्या कापडाची एक पट्टी चिकटवली तरी पुरे, साऱ्या विमानतळावर तशी दुसरी सापडायची नाही. आपली चौकटीतून जाण्याची पाळी येईपर्यंत तबक पट्ट्यावर सोडू नये. स्त्रियांची तपासणी पडद्याआड वेगळी होते आणि पुष्कळदा तेथे रांग असते. तेवढा वेळ त्यांचा लॅपटॉप पलीकडे बेवारशासारखा पडून राहतो. तेव्हा कुटुंबातल्या पुरुषाने आधी पलीकडे जाऊन सर्वांची तबके ताब्यात घ्यावीत, आणि एकटीने प्रवास करणाऱ्या भगिनींनी तेथील जवानाला सांगून ठेवावे. क्ष-किरणांनी आतला मजकूर पुसला जातो ही भीती मात्र निराधार आहे.

विमानात खरी काळजी घ्यावयाची ती बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरीत थोड्या जागेत पुष्कळ शक्ती कोंडलेली असते आणि तिच्यातला द्रव ज्वालाग्राही असतो. चेपली, टोचली किंवा सदोष निघाली, तर एका घटात निर्माण झालेली उष्णता शेजारच्या घटाला पेटवते आणि ही मालिका आपोआप वाढत जाते. प्रवाशांच्या कक्षात असे घडले तर कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. सामानाच्या तळघरात तिच्यापर्यंत कोणाचा हात पोहोचत नाही, आणि तेथील आगशामक वायू ज्वाला दडपतो तरी घटांतील उष्णतेची मालिका थांबवू शकत नाही. म्हणूनच सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँका तळघरातील सामानात देण्यास मनाई आहे. नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानातून नेण्यावर तर १ एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आहे. मर्यादा वॉट-तासांत सांगतात. १०० वॉट-तासांपर्यंत हरकत नाही, १०० ते १६० ला विमानकंपनीची परवानगी लागते, त्यावर मज्जाव. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार करावा. १४.४ व्होल्ट आणि ३.५ अँपिअर-तास म्हणजे ५०.४ वॉट-तास. घरगुती लॅपटॉप सहसा १०० च्या आतच असतो. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ भरते.

यातून एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट निघते. विमान भरले असेल तर कधीकधी दारातच आपली हातातली बॅग काढून घेतात आणि तळघरात रवाना करतात. त्या घाईत ‘देऊन टाका’ म्हणू नये. आधी लॅपटॉप आणि पॉवर बँक काढून घ्यावी. आणि मोबाइल किंवा तत्सम वस्तू आसनाच्या फटीत पडली तर आसन मागेपुढे न करता हवाईसेविकेला बोलवावे. बॅटरी यंत्रणेत चिरडली जाऊन आगी लागल्या आहेत.

वाटेत चहा सांडला तर? आपल्या प्रवासात चहा नाही असे होत नाही, तेव्हा हा प्रश्न काल्पनिक नाही. ताबडतोब वीज तोडावी, सुरू ठेवण्याची कळ दाबून धरून यंत्र बंद करावे, आणि ते उघडून तंबूसारखे पालथे ठेवावे. ‘चालते का पाहू’ म्हणून पुन्हा सुरू करण्याचा मोह प्राणघातक. केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा मारू नये. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा जो उपाय घरोघर सांगितला जातो त्याने काही साधत नाही, तांदूळ भातासाठी ठेवावेत. साखरेचा चहा असेल तर यंत्र वाळले तरी आत चिकटा राहतो, म्हणून कारागिराकडून साफ करून घ्यावे. तसेच वातानुकूलित डब्यातून मुंबईच्या किंवा चेन्नईच्या दमट हवेत उतरल्यावर चष्म्याच्या काचा धुरकटतात. तेच दव यंत्राच्या आतही धरते. तासभर पिशवीतच राहू द्यावे.

सार्वजनिक वाय-फाय आणि चार्जिंगच्या खोबणींबद्दल आपल्याला व्हॉट्सॲपवर भयंकर संदेश येत असतात. सार्वजनिक यूएसबी खोबणीतून मजकूर चोरला जाण्याच्या शक्यतेविषयी रिझर्व्ह बँकेनेही २०२२ सालच्या आपल्या पुस्तिकेत सावध केले आहे, आणि स्वतःचा चार्जर वापरण्यात कष्ट ते काय? परंतु माझ्या मते या भीतीचे स्तोम जरा अधिकच माजले आहे. आज बहुतेक संकेतस्थळांची देवघेव वाटेतच कूटबद्ध असते. स्थानकावरचा खरा धोका सोपा आहे. ओळखीच्या नावाशी मिळतेजुळते नाव देऊन कुणी खोटे वाय-फाय उघडतो आणि आपला पासवर्ड मागणारे पान दाखवतो, किंवा शेजारचा प्रवासी खांद्यावरून आपली बोटे पाहतो. पैशाचे व्यवहार प्रवासात स्वतःच्या मोबाइलच्या जोडणीवर करावेत, आणि खिडकीकडे पाठ करून बसावे. जो मनुष्य काल्पनिक चोरासाठी बारा युक्त्या करतो आणि खरी पिशवी बाकावर टाकून पुरी-भाजी आणायला उतरतो, त्याला काय म्हणावे?

शेवटी, इतके करूनही यंत्र गेलेच तर. गाडीत असाल तर १३९ हा क्रमांक फिरवावा. तिकीट-तपासनीस किंवा गाडीबरोबरचे पोलीस यांच्याकडे तक्रारीचा नमुना मिळतो, त्यासाठी प्रवास अर्धवट सोडून उतरण्याची गरज नाही. गुन्ह्याची जागा कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते हा वाद पोलिसांनी आपल्याशी घालावयाचा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, खबर नोंदवून घेतलीच पाहिजे. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. तेथे यंत्राचा अनुक्रमांक विचारतात. हरवलेला मोबाइल देशभर बंद पाडण्याची सरकारी व्यवस्था २०२३ पासून आहे, लॅपटॉपला तशी नाही. तेव्हा पावती आणि पाठीवरच्या अनुक्रमांकाचे छायाचित्र घरच्या माणसाजवळ असले पाहिजे.

पोलिसांच्या आधी किंवा निदान त्याबरोबरच एक काम करावयाचे असते. दुसऱ्या यंत्रावरून पहिल्यांदा ई-मेलचा पासवर्ड बदलावा, बँकेचा नंतर. कारण बाकी सर्व ठिकाणचे विसरलेले पासवर्ड ई-मेलवरच येतात. ती घराची मुख्य किल्ली आहे. मग मोबाइलवरील व्हॉट्सॲपमध्ये जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून हरवलेला लॅपटॉप काढून टाकावा. पैसे गेल्याचे दिसले तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. हे सारे मोबाइल हाती असेल तरच जमते, म्हणून मोबाइल आणि लॅपटॉप कधीही एका पिशवीत ठेवू नयेत. आणि ज्येष्ठांनी ही कामे घरातल्या मुलाला किंवा सुनेला आधीच समजावून ठेवावीत. गाडीतून उतरून फोनवर शिकवणे कठीण.

पुढील दोन रविवारी सकाळी १० ते १२ या वेळात मी मंडळाच्या ग्रंथालयात बसणार आहे. ज्यांना डिस्क कूटबद्ध करून हवी आहे किंवा जुनी छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावयाची आहेत, त्यांनी अवश्य यावे. ४८ अंकी किल्ली मात्र ज्याची त्याने स्वतःच्या हाताने वहीत उतरवावयाची, मी ती पाहणार नाही. येताना चार्जर विसरू नये. ग्रंथालयात खोबणी दोनच आहेत, तेव्हा लवकर आलेले बरे.